सिंगापूर ते न्यूयॉर्क: सलग अठरा तास की मध्ये एक थांबा?

सिंगापूरहून न्यूयॉर्कला जायचं ठरलं की पहिला शोध असतो अंतराचा. उत्तर येतं १५,३४९ किलोमीटर. मैलांत ९,५३७. विमानवाले मोजतात त्या नॉटिकल मैलांत साधारण ८,२८८. दोन ठिकाणी दोन वेगळे ‘मैल’ दिसले तर गोंधळू नका, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. हे चांगी ते जेएफके या दोन विमानतळांमधलं अंतर. न थांबता जाणाऱ्या नियमित प्रवासी उड्डाणांमध्ये एवढा लांब पल्ला आज दुसरा नाही.

पण हा आकडा कळून तुमचं काही अडलेलं सुटत नाही. अडलेलं असतं वेगळंच. सलग उड्डाण घ्यावं की मध्ये कुठेतरी उतरावं, आणि उतरायचं तर कुठे? मी हा प्रवास दोन्ही प्रकारे केलाय आणि ओळखीच्या बऱ्याच जणांची तिकिटं शोधून दिलीत. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. इतक्या लांबच्या दोन शहरांमध्ये वाटेवरचा थांबा अंतरात जवळपास फुकट पडतो. फरक पडतो तो तास कुठे आणि कसे जातात याचा.

हे अंतर येतं कुठून ते आधी बघू, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलंय. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक सिंगापूरवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशात ही दोन शहरं डावी-उजवीकडे दिसतात, त्यामुळे दोरा पॅसिफिकवरून नाहीतर युरोपवरून जाईल असं वाटतं. तो जातो सरळ वर, उत्तर ध्रुवाला जवळजवळ चाटून. सिंगापूर १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. बेरीज १७८. म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. मग हिशेब कागदावर जमतो. सिंगापूर विषुववृत्ताच्या वर सव्वा-दीड अंश, तिथून ध्रुव साडेअठ्ठ्याऐंशी अंशांहून थोडा जास्त. न्यूयॉर्कहून ध्रुव एकोणपन्नास अंश आणि थोडं वर. दोन्ही मिळून १३८. एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर. गुणाकार करा, १५,३४५ च्या आसपास येतो. दोरा नेमका ध्रुवावरून जात नाही, पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर बाजूने जातो. तरीही इंटरनेटवरच्या अंतराच्या कॅल्क्युलेटरने दिलेला आकडा चार-पाच किलोमीटरच्या फरकाने हाती आला.

विमान मात्र या दोऱ्यावरून क्वचितच जातं. त्याला वारा हवा असतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम असतो, तो पाठीशी घ्यायला चार-पाचशे किलोमीटरचा वळसा पडला तरी वेळ वाचतो. इतर मार्गांवर याचा परिणाम डोळ्यांत भरतो. लंडन-न्यूयॉर्क हे ५,५४० किलोमीटर. न्यूयॉर्कहून लंडनला जाताना सात तासांच्या आत-बाहेर, उलट येताना आठ. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार झालेलं एक साधं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून निघून पाच तासांच्या आत लंडनला उतरलं होतं.

सिंगापूर-न्यूयॉर्कची मजा अशी की दोन्ही शहरं समोरासमोरच्या रेखांशांवर असल्यामुळे पूर्वेकडून जा की पश्चिमेकडून, लांबी सारखीच. त्यामुळे जातानाही पूर्वेकडे निघता येतं आणि येतानाही. जाताना जपानच्या बाजूने पॅसिफिक ओलांडायचा, परतताना अटलांटिक आणि युरोप. सलग जाणाऱ्या विमानाचा मार्ग त्या त्या दिवशीच्या वाऱ्याप्रमाणे ठरतो, म्हणून दोन्ही दिशांचा वेळ जवळपास सारखा असतो, साडेअठरा ते एकोणीस तासांच्या दरम्यान. अंतराला विमानाच्या ताशी नऊशे किलोमीटर वेगाने भागून वर अर्धा तास घालणारे कॅल्क्युलेटर साडेसतरा सांगतात. त्यांच्या भरवशावर कुणाला विमानतळावर घ्यायला बोलवू नका. वेळापत्रकातला वेळ गेट सोडल्यापासून गेट गाठेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आणि कंपनीने हाताशी ठेवलेली दहा-वीस मिनिटंही आली.

आता वळशाकडे. लंडनहून पॅरिसला फ्रँकफर्टमार्गे कुणी जात नाही. साडेतीनशे किलोमीटरचे अकराशे होतात, जवळपास तिप्पट. पण दोन ठिकाणं जसजशी लांब जातात तसतसा वळसा स्वस्त होत जातो. पृथ्वीवर दोन ठिकाणांमध्ये जास्तीत जास्त अंतर असू शकतं सुमारे २०,००० किलोमीटर, आणि त्या टोकाला पोहोचलात की कुठल्याही दिशेने निघा, अंतर तेवढंच. सिंगापूर-न्यूयॉर्क या टोकाच्या तीन चतुर्थांशाहून पुढे आहे. त्यामुळे नकाशावर भलतीकडेच वाटणारं शहरही वाटेवरचंच निघतं. खालचे आकडे सरळ रेषेतले आहेत. वेळ जातानाचा, गोळाबेरीज.

| मार्ग | एकूण किमी (सुमारे) | जादा किमी | उड्डाणाचे तास |
|---|---|---|---|
| सलग | १५,३५० | – | १८.५ ते १९ |
| हाँगकाँगमार्गे | १५,५४० | १९० | ४ + १६ |
| टोकियोमार्गे | १६,१९० | ८४० | ७ + १३ |
| फ्रँकफर्टमार्गे | १६,४७० | १,१२० | १३ + ९ |
| इस्तंबूलमार्गे | १६,७०० | १,३५० | ११ + ११ |
| दोहामार्गे | १६,९८० | १,६३० | ८ + १४ |
| सॅन फ्रान्सिस्कोमार्गे | १७,७३० | २,३८० | १५.५ + ५.५ |

हाँगकाँगमार्गे जादा अंतर १९० किलोमीटर, म्हणजे सव्वा टक्का. सॅन फ्रान्सिस्को सोडलं तर सगळ्यांचा वळसा अकरा टक्क्यांच्या आत. त्यामुळे किलोमीटर बघून निर्णय घेणाऱ्याने हा रकाना वाचून विसरून जावा. शेवटचा रकाना बघायचा, आणि त्यातही बेरीज नाही, ती कुठे तुटते ते.

सलग उड्डाणाबद्दल आधी बोलू, कारण सगळ्यांची पहिली ओढ तिकडेच असते. सिंगापूर एअरलाइन्सने हे उड्डाण २००४ मध्ये नेवार्कला (न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीतल्या विमानतळाला) सुरू केलं, चार इंजिनांच्या ए३४०-५०० ने. पुढे २००८ मध्ये त्या विमानात शंभर बिझनेस क्लासच्या जागा तेवढ्या ठेवल्या, आणि २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ते बंदच पडलं. चार इंजिनं इतकं इंधन प्यायची की हिशेब बसेना. ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन इंजिनांचं, अति लांब पल्ल्यासाठीचं ए३५०-९००यूएलआर घेऊन ते परत आलं आणि नोव्हेंबर २०२० पासून जेएफकेलाही जाऊ लागलं.

या विमानात टाकी १,६५,००० लिटरची. ए३५०-९०० च्या त्या वेळच्या नेहमीच्या टाकीपेक्षा हे २४,००० लिटर जास्त. पूर्ण भरली तर विमानाच्या उड्डाणावेळच्या वजनात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या इंधनाचा असतो. पहिल्या काही तासांत विमान जे इंधन जाळतं त्यातलं बरंचसं पुढच्या तासांचं इंधन वाहून नेण्यात जातं. आपण प्रवासाला निघताना डबा इतका मोठा घ्यावा की तो उचलायलाच आधी दोन पोळ्या खाव्या लागाव्यात, तसा प्रकार. मग वजन कुठून कमी करायचं? माणसांतून. त्याच कंपनीच्या लांब पल्ल्याच्या नेहमीच्या ए३५०-९०० मध्ये २५३ जागा असतात, या विमानात १६१. त्यातल्या ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे बिझनेस आणि साध्या इकॉनॉमीच्या मधला वर्ग.

साधी इकॉनॉमी या उड्डाणात नाहीच. बऱ्याच जणांना हे कळतं ते तिकीट शोधायला बसल्यावर, आणि मग ते ‘एवढं महाग का’ म्हणून चिडतात. तुलना करताना एका बाजूला सलगची प्रीमियम इकॉनॉमी आणि दुसऱ्या बाजूला थांब्याची साधी इकॉनॉमी ठेवली तर फरक भला मोठा दिसणारच. दोन्हीकडे प्रीमियम ठेवा, मग तो बराच खाली येतो. बजेट साध्या इकॉनॉमीचंच असेल तर सलगचा विचार इथेच सोडा आणि पुढचं वाचा. चार जणांचं कुटुंब असेल तर बहुतेक वेळा हाच निकाल लागतो.

बसून कसं वाटतं? पहिले सहा तास काहीच वाटत नाही. जेवण, एक सिनेमा, झोप. चौदाव्या तासाला मात्र माणूस विचित्र होतो. मी मागच्या स्वयंपाकघराच्या पडद्यापाशी उभा होतो, पाण्याचा ग्लास हातात. शेजारी एक गृहस्थ टाचा वर-खाली करत समोरच्या पडद्यावरचं छोटं विमान बघत होते. खाली अलास्का होतं, ‘उरलेला वेळ ४ तास ५१ मिनिटं’. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. बोलायला काही शिल्लक नव्हतं. त्या चार तास एक्कावन्न मिनिटांत एखादं दुसरं उड्डाण सुरू होऊन संपलं असतं.

तरीही या विमानाची एक जमेची बाजू खरी आहे. ए३५० मध्ये आतला हवेचा दाब साधारण सहा हजार फूट उंचीवर असतो तसा ठेवतात. जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांपर्यंत जातो. उतरल्यावरचं डोकं जड होणं त्यामुळे कमी वाटतं, निदान मला तरी. पायांत गुठळ्या होण्याचा धोका मात्र वर्गावर अवलंबून नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं होतं की चार तासांहून जास्त वेळ बसून केलेल्या कुठल्याही प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसाला तो दुप्पट होऊनही सहा हजारांत एक इतकाच राहतो. पण आधी गुठळी झालेली असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा गरोदरपण असेल तर सलग अठरा तासांआधी डॉक्टरांना विचारा. अशा वेळी मध्ये दोन तास चालायला मिळणं हा चांगला मुद्दा ठरतो.

मग थांब्याकडे. इथे एक शब्द नीट समजून घ्या. ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ एक नाहीत. डायरेक्ट म्हणजे उड्डाणाचा नंबर तोच, पण विमान मध्ये उतरू शकतं. सिंगापूर एअरलाइन्सचंच फ्रँकफर्टमार्गे जेएफकेला जाणारं उड्डाण असं आहे. त्यात साधी इकॉनॉमी मिळते. सिंगापूरहून मध्यरात्रीच्या सुमारास निघालेलं विमान पहाटे फ्रँकफर्टला उतरतं. हातातलं सगळं सामान घेऊन सगळ्यांनी उतरायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी, दोनेक तासांनी परत चढायचं. विमानाच्या पोटातल्या बॅगांची काळजी नाही. कनेक्शन चुकण्याची भीती जवळजवळ नाही, कारण पुढे जायचंय ते तुमचंच विमान. दारापासून दारापर्यंत मात्र सलगपेक्षा साडेचार-पाच तास जास्त धरा.

माझ्या हिशेबात हा पर्याय लोक उगाच हलक्यात घेतात. एकट्याने जाणारी आई किंवा सासरे, इंग्रजी बोलायला बुजणारे, मोठ्या विमानतळावर पाट्या वाचत टर्मिनल बदलायला घाबरणारे, अशांना साध्या इकॉनॉमीत पाठवायचं तर मी हेच सुचवतो. बरोबरची दीडशे माणसं ज्या गेटकडे चालतात तिकडे चालायचं, संपलं. पैशाची अडचण नसेल आणि गुडघे-पाठ ठीक असतील तर अर्थातच सलग. चढताना एकदा व्हीलचेअर, उतरताना एकदा.

फ्रँकफर्टची तुटण्याची जागा मला फारशी आवडत नाही, हेही सांगतो. तेरा तास झाल्यावर थांबा, आणि मग उरतात नऊ. लांबचा तुकडा आधी संपतो हे चांगलं, पण तेरा म्हणजे सलगच्या दोन तृतीयांशाहून जास्त झालंच. जर्मनीच्या पहाटे सहाला शरीर सिंगापूरच्या दुपारी असतं आणि जायचं असतं न्यूयॉर्कच्या सकाळी. तिथल्या बाकावर काचेतून उजाडताना बघत कॉफी पिणाऱ्यांचे चेहरे एकदा बघा. कुणालाच आपण कुठल्या जेवणाच्या वेळेत आहोत हे सांगता येत नाही.

तुकडे सारखे हवे असतील तर इस्तंबूल. अकरा आणि अकरा. अंतर मधोमध तुटतं, आठ हजार सातशे आणि आठ हजार. लहान मुलांबरोबर जाणाऱ्यांना हे सोपं पडतं, कारण दोन-तीन वर्षांचं पोर अकरा तासांत एकदाच पूर्ण कोलमडतं, सोळा तासांत दोनदा. दोहा आठ आणि चौदा. आधी छोटा, मग मोठा. मला हे उलटं वाटतं. दमल्यावर मोठा तुकडा समोर येतो. दुसऱ्या विमानात बसताच झोपणारे लोक मात्र याच क्रमावर खूश असतात, कारण आठ तास जागून काढले की चौदापैकी आठ झोपेत जातात.

हाँगकाँग याच न्यायाने सर्वांत वाईट कापलेलं. अंतर जवळजवळ वाढत नाही, पण चार तासांनी उतरून पुन्हा सोळा तास. सोळा सोसणारा माणूस साडेअठराही सोसेल, मग थांबा कशाला? उत्तर एकच, भाडं. साध्या इकॉनॉमीत हे तिकीट बरेचदा परवडतं आणि जाणारं विमान रोजचं असतं.

टोकियो मला जाताना सर्वांत आवडतो. सात आणि तेरा, दोन्ही तुकडे वाऱ्याच्या दिशेने, एकूण वीस तास हवेत. जादा ८४० किलोमीटर वाऱ्याने खाल्ले, असं समजा. परतीला तोच मार्ग वाऱ्याविरुद्ध होतो आणि तास-दीड तास वाढतो. म्हणून ज्यांच्या तिकिटात दोन वेगळ्या बाजू बसवता येतात त्यांनी जाताना टोकियो आणि येताना युरोप बघावा. परतताना न्यूयॉर्क-फ्रँकफर्ट साडेसात तासांच्या आसपास, पुढे सिंगापूर बारा. दोन्ही वेळा पूर्वेकडे जात तुम्ही पृथ्वीची पूर्ण प्रदक्षिणाही करता. मिरवायला तेवढंच.

सॅन फ्रान्सिस्को आकड्यात बरं दिसतं, एकवीस तास. पण एक खोच आहे. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिलं पाऊल ठेवता तिथेच इमिग्रेशन होतं, आणि बहुतेक वेळा तिथेच बॅगा पट्ट्यावरून उचलून कस्टममधून काढून परत द्याव्या लागतात. साडेपंधरा तास बसून आल्यावर ही कसरत. इथे मी अडीच-तीन तासांपेक्षा कमी थांबा घेणार नाही. उलट न्यूयॉर्कला उतरताना तुम्ही देशांतर्गत प्रवासी असता, बॅग घेऊन सरळ बाहेर. ज्यांना पश्चिम किनाऱ्यावर दोन दिवस कुणाकडे राहायचंय त्यांच्यासाठी हा मार्ग, बाकीच्यांसाठी नाही.

थांबा किती वेळाचा असावा यावर मी हट्टी आहे. दीड तासाच्या आत नको, दोन ते साडेतीन उत्तम, पाच-सहा म्हणजे ना धड झोप ना धड शहर. आणि दोन्ही तुकडे एकाच तिकिटावर असलेच पाहिजेत. ही अक्कल मला फुकट आलेली नाही. एकदा थोडे पैसे वाचवायला मी दोन वेगळी तिकिटं काढली, मध्ये सव्वादोन तास. पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा उतरलं. तिकिटं वेगळी म्हणून बॅग पुढे जाणार नव्हती, ती पट्ट्यावरून घ्यायची होती. मी पट्ट्यापाशी उभा. निळी बॅग येते, माझी नाही. पुन्हा निळी बॅग येते, तीच. माझी आली तेव्हा वरच्या पाटीवर माझ्या पुढच्या उड्डाणासमोर ‘गेट बंद’ लिहिलेलं होतं. दुसऱ्या कंपनीचा यात काही दोष नव्हता, मी वेळेवर आलोच नव्हतो. त्यांच्या लेखी मी न आलेला प्रवासी. नवं तिकीट काढलं आणि वाचवलेले पैसे दोनदा गेले. एकाच तिकिटावर असतो तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी त्यांची असती.

आणखी एक तपासायचं ते ट्रान्झिट व्हिसा. विमानतळाबाहेर पडणार नसलात तरी काही देश काही पासपोर्टांना तो मागतात. हा नियम तुमच्या पासपोर्टवर ठरतो, बरोबरच्या मित्राच्या अनुभवावर नाही. तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाच्या अधिकृत पानावर बघा, कारण असे नियम बदलत राहतात. सलगमध्ये हा प्रश्नच नाही.

सगळं धरून वाचतं किती? विमानतळावर आधीचे तीन तास, उतरल्यावरचा तास-दीड तास दोन्हीकडे सारखा. सलग गेलात तर घरातून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंत चोवीसच्या आसपास. चांगला जुळलेला थांबा असेल तर अठ्ठावीस, न जुळलेला असेल तर तीस-बत्तीस. म्हणजे चार ते आठ तासांचा प्रश्न आहे. सोमवारी सकाळी दहाला बैठक असेल तर चार तास सोन्याचे. दोन महिन्यांसाठी लेकीकडे चालला असाल तर ते चार तास कुणाला द्यायचेत?

जेएफके की नेवार्क, यावर मात्र दोन ओळी पुरे. अंतरात पाच किलोमीटरचा फरक, विसरा. मुक्काम क्वीन्स, ब्रुकलिन किंवा लाँग आयलंडला असेल तर जेएफके, न्यू जर्सीत असेल तर नेवार्क. मॅनहॅटनमध्ये असेल तर जिथलं तिकीट बरं पडेल ते, दोन्हीकडून गाडी आहे.

राहिलं घड्याळ. न्यूयॉर्कमध्ये मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. सिंगापूर बदलत नाही. म्हणून उन्हाळ्यात फरक १२ तास, हिवाळ्यात १३. उन्हाळ्यात काट्यांचं घड्याळ असेल तर त्याला हातही लावू नका, ते बरोबरच दाखवतं, फक्त दिवसाची रात्र होते. जेट लॅगचं म्हणाल तर दिवसाला साधारण एक तास या गतीने शरीर सरकतं, आणि बारा तासांच्या फरकात तुम्ही सलग आलात की थांबत, याने काही बिघडत-सुधारत नाही. पहिला आठवडा पहाटे तीनला जाग येणारच.

तारखेवर मात्र लक्ष ठेवा. जाताना मध्यरात्रीच्या सुमारास निघणारं सलगचं विमान त्याच सकाळी न्यूयॉर्कला उतरतं, कारण साडेअठरा तासांतले बारा घड्याळ परत देतं. खिडकीची झापड उघडी ठेवलीत तर मध्ये एक अख्खा दिवस उजाडून मावळलेला दिसतो, कॅलेंडरवर तो सापडत नाही. येताना उलट. सोमवारी रात्री साडेदहाला न्यूयॉर्क सोडलंत की सिंगापूरला उतरता बुधवारी पहाटे. मंगळवार नावाचा अख्खा दिवस हवेतच जातो. त्यामुळे परतीची रजा मोजताना, आणि घ्यायला येणाऱ्याला तारीख कळवताना, उतरण्याची तारीख लिहा. माझ्या एका मित्राने निघण्याची लिहिली होती. त्याचे वडील आधीच चांगीला येऊन बाहेरच्या रेलिंगपाशी उभे होते.